दात घासले तो गावचा

आमच्या लीगचा पहिला नियम मी लिहिला आणि तो कबड्डीचा होता. मला दुसरा कुठला खेळ येतच नव्हता. आठवडाभर फॅक्टरीत नोकरी आणि रविवारी पंचगिरी, यात माझी तीस वर्षं गेली. जवाहरनगरच्या क्वार्टरमधून गळ्यात शिट्टी घालून निघायचं आणि भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावच्या शिव्या खाऊन संध्याकाळी परत यायचं. शिव्यांचं मला काही वाटत नसे. पंचाला शिव्या पडल्या नाहीत तर सामना फिका झाला, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे.

मग पोरांनी कबड्डी सोडली. भांडून नाही, अशीच सोडली. एका वर्षी आमच्या मंडळाच्या स्पर्धेला अकरा संघांनी नावं दिली आणि आले दोन. त्यातल्या एका संघात सहाच गडी. सातवा कुठं आहे म्हणून विचारलं, तर तो मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली फोनमध्ये मुंडी घालून बसलेला. त्याच्याभोवती मैदानापेक्षा मोठी गर्दी. एका बेटावर पुष्कळ लोक विमानातून उतरतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो, असा तो गेम होता. मी शिट्टी वाजवली. कुणी वर पाहिलं नाही.

आमचे अध्यक्ष व्यवहारी माणूस. मंडळाकडे नोंदणी होती, मांडव होता, भोंगे होते, ढाल होती. नव्हते ते फक्त खेळाडू. ते म्हणाले, "जेथी पोट्टे, तेथी मांडव नेऊ. खेळ कोनताही असो, मंडळ जगलं पायजे." अशा रीतीनं कारध्याच्या विहाराशेजारच्या सभागृहात आमची मोबाईल गेमची पहिली स्पर्धा भरली. रिवाजाप्रमाणं त्रिशरण-पंचशील झालं, जीवहिंसा करणार नाही असं सगळ्यांनी हात जोडून म्हटलं आणि दोन मिनिटांत एकमेकांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी नाणेफेक बरोबर झाली की नाही ते बघत होतो.

नियमांची वही माझीच होती. नाणेफेक, हस्तांदोलन, पाठीवर नंबर, मध्यंतर, मध्यंतरानंतर बाजूबदल. सभागृहाच्या मधोमध चुन्याची रेघ, अलीकडं चौघं, पलीकडं चौघं. आता कबड्डीत मध्यंतराला खेळ थांबतो, फोनवरचा थांबत नाही. पण नियम म्हणजे नियम. मी शिट्टी वाजवायचो आणि आठही जण फोनवरची नजर न काढता उठायचे, अंगठे चालू ठेवून रेघ ओलांडायचे आणि पलीकडच्या सतरंजीवर बसायचे. वाटेत एकमेकांना धडकायचे. बेटावर एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं इथं "सॉरी भाऊ" म्हणून बाजूला व्हायचे. नागपूरला कॉलेजात शिकणारी दोन-तीन पोरं तोंडावर हात ठेवून हसली. पुढं लक्षात आलं, खिडकीकडच्या बाजूला नेटवर्क येतं आणि भिंतीकडच्या बाजूला येत नाही. मग हसणारे गप्प बसले. तो नियम अजून आहे.

कॉमेंट्रीचं प्रकरण याहून अवघड निघालं. पडदा नव्हता, त्यामुळं लोकांना काही दिसत नव्हतं. आमचा कबड्डीचा जुना कॉमेंटेटर खेळाडूंच्या मागं स्टुलावर उभा राहून फोनमध्ये डोकावायचा आणि भोंग्यावरून सांगायचा, "वरठीचा दोन नंबरचा गडी गोदामाच्या मागं लपून बसून राहिला, बंदूक भरून राहिला." हे पलीकडच्या चौघांनाही ऐकू जायचं. वरठीचा दोन नंबर तिथल्या तिथं मेला. वरठीवाले स्टील प्लांटमधले कामगार, हातातलं काम टाकून आलेले. त्यांनी स्टूल उचललं, कॉमेंटेटर वर असतानाच. त्यानंतर मी नियम केला की कॉमेंटेटरनं पाच मिनिटांपूर्वीचं सांगायचं. म्हणजे गडी मरून, सतरंजीवरून उठून, बाहेर जाऊन चहा पिऊन परत आला की भोंग्यावरून कळायचं की तो आता मोठ्या धोक्यात आहे. लोक श्वास रोखून ऐकायचे. मेलेला गडीही ऐकायचा, आणि कित्येकदा त्यालाही आपण वाचू असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी अध्यक्ष नागपूरहून 'लीग' हा शब्द घेऊन आले. स्पर्धेत हरलं की घरी जावं लागतं, लीगमध्ये पुन्हा यावं लागतं, एवढा फरक त्यांनी समजावून सांगितला. ती प्रोफेशनल करायचं ठरलं. प्रोफेशनल म्हणजे काय, यावर सभा दोन तास चालली. ज्याला मंडळ ट्रॅकसूट शिवून देतं तो प्रोफेशनल, असा ठराव झाला. खेळाडूंनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की मी सामन्याच्या वेळी घरच्यांचे फोन उचलणार नाही. संघांना प्रशिक्षक नेमले गेले, तेही कबड्डीचेच. ज्यांच्या खिशात अजून बटणांचा फोन होता असे लोक खेळाडूंच्या मागं फेऱ्या मारत ओरडायचे, "दम धर रे, दम धर." तिसऱ्या वर्षी पडदा आला. कुणीतरी सामने इंटरनेटवर टाकायला लागलं. आमची ती पाच मिनिटं उशिराची कॉमेंट्री ऐकायला कुठून कुठून लोक यायला लागले आणि लीग वाढत गेली. मला वाटायचं लोक खेळ बघायला येतात. ते हसायला येत होते, हे मला पोरीनं सांगितलं.

पोर माझी एकुलती एक. भंडाऱ्याला बी.एस्सी. झाली आणि जवाहरनगरच्या संघात तीन पोरांबरोबर खेळायला लागली. कबड्डीत पोरं-पोरी एकत्र खेळत नाहीत, म्हणून मी वही उघडली. हा नियम अंगाला स्पर्श होतो म्हणून आहे, असं माझ्या ध्यानात आलं. फोनमध्ये कुणी कुणाला शिवत नाही. मी तिला परवानगी दिली, आणि घरी ती महिनाभर मला 'पंचसाहेब' म्हणत होती. खेळायची कशी ते मला सांगता येणार नाही, मला त्यातलं कळत नाही. पण चढाई करणाऱ्या चांगल्या गड्याच्या चेहऱ्यावर एक शांतपणा असतो. समोर सात जण असले तरी तो घाई करत नाही. तो मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला आणि मला अभिमान वाटला. तिला तसं सांगितलं नाही.

चौथ्या वर्षी तिला पुण्याहून फोन आला. तिथल्या एका व्यावसायिक संघानं तिचे सामने पाहिले होते. त्यांच्याकडं खेळाडू एका घरात एकत्र राहतात, पगारावर खेळतात, देशभरच्या लीगमध्ये उतरतात. त्यांचा माणूस आमचा अंतिम सामना बघायला स्वतः येणार होता. रेकॉर्डिंगमध्ये सगळे चांगले दिसतात, समोर लोक ओरडत असताना कोण कसं खेळतं ते त्याला बघायचं होतं. एकच जागा होती आणि तो इथून पुढं दुसऱ्या एका पोराला बघायला रायपूरला जाणार होता. पोरीनं मला सांगितलं, "बाबा, मले हे पायजे. दुसरं काही नको." तिनं आयुष्यात माझ्याकडं असं सरळ काही मागितलं नव्हतं.

आता मुक्कामाच्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

गावांच्या कबड्डीत सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे बाहेरचा गडी. प्रत्येक गाव कुठून तरी उसना पैलवान आणतं आणि आमचाच आहे म्हणतं. आधार कार्डावर पत्ता दहा वर्षांपूर्वीचा असतो आणि सरपंचाचा दाखला मागेल त्याला मिळतो. म्हणून आमच्या मंडळात फार जुनी पद्धत आहे. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी समोरच्या गावचा माणूस वही घेऊन येतो आणि खेळाडू आपल्या दारात दात घासताना दिसतो का ते बघतो. माणूस झोपू कुठंही शकतो. पण बनियनवर, केस विस्कटलेले, तोंडात फेस, अशा अवस्थेत चारचौघांसमोर तो आपल्या दारातच उभा राहतो. दात घासले तो गावचा. यात आजवर कुणाला फसवता आलेलं नाही. वरठीच्या रात्रपाळीवाल्यांची तपासणी दुपारी करायची, एवढीच एक दुरुस्ती मी केली होती.

फोनच्या खेळाला हा नियम कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. ज्या बेटावर खेळ होतो ते कुठल्याच तालुक्यात नाही, हे मलाही माहीत होतं. पण गावाच्या नावानं खेळता, तर गावात राहा, असं माझं म्हणणं. आणि नाव दिलं त्या दिवसापासून अंतिम सामन्यापर्यंत घर तेच पाहिजे, असंही मीच लिहून ठेवलं होतं.

त्याच हंगामात मी निवृत्त झालो. क्वार्टर सोडावं लागलं. कारध्याला नदीच्या अलीकडं मी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, तिथं सामान हलवलं. बायकोनं तीस वर्षं त्या क्वार्टरच्या अंगणात पपया आणि मोगरा लावला होता. कारध्याच्या घराला ती घर म्हणत नव्हती. "तिकडं दूध उतू गेलं", "तिकडं गॅस संपला", असं म्हणायची. जवाहरनगरचा संघ अंतिम सामन्यात पोचला, समोर कारधा, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याच नियमानं माझी पोर बाद होते.

अध्यक्ष घरी आले. "नियम बदलून टाका न साहेब. तुमीच लिवला, तुमीच खोडा."

मी म्हटलं, "स्पर्धा सुरू असताना नियम बदलत नाहीत."

"अजी, फोन आहे थो. कोनाच्या बापाचं काय जाते?"

मी त्यांना चहाही विचारला नाही. तीस वर्षांत मी किती बापांना हे सांगितलं होतं. पोरगा एका बोटानं रेघेबाहेर गेला म्हणून बाप माझ्या पाया पडला होता, आणि मी शिट्टी वाजवली होती. आता माझी पोर आहे म्हणून रेघ सरकवू? पोरीनं सगळं दारामागून ऐकलं. ती रडली नाही, बोलली नाही, जेवली नाही. तीन दिवस असं चाललं आणि मला स्वतःचा राग यायला लागला, जो मला सहसा येत नाही.

चौथ्या दिवशी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या नियमात दातच घासाचे आहेत न?"

"हो."

"मंग घासू. कायले एवढा बाऊ करून राहिले?"

अंतिम सामन्याच्या दिवशी पहाटे आम्ही तिघं स्कूटरवर बसलो. खिशात तीन ब्रश. पुलावरून जाताना बायको मागून म्हणाली की पेस्ट राहिली, म्हणून भंडाऱ्यात पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातून पेस्ट घेतली. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आंध्रातलं एक तरुण जोडपं राहायला आलं होतं. त्या पोराला मी आदल्या दिवशी फोनवर मोडक्या हिंदीत सांगितलं होतं की आम्हाला तुमच्या अंगणात दात घासायचे आहेत. तो म्हणाला, "ठीक है अंकल." माझं वय लक्षात घेऊन त्यानं कारण विचारलं नसावं. आम्ही पोचलो तेव्हा त्यानं बादली भरून ठेवली होती. त्याची बायको खिडकीतून बघत होती. आम्ही तिघं पपईच्या झाडाखाली ओळीनं उभे राहून घासायला लागलो. थोड्या वेळानं तोही ब्रश घेऊन बाहेर आला, कारण त्याची ती वेळच होती, आणि आमच्या ओळीत उभा राहिला.

तेवढ्यात कारध्याचा तपासनीस मोटारसायकलवर आला. हा माझा कबड्डीतला जुना जोडीदार, वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून पंचगिरी केली होती. कारध्याला तो आमच्यापासून चौथ्या घरात राहतो. आदल्या संध्याकाळीच त्यानं मला माझ्या दारात वाटाणे सोलताना पाहिलं होतं. त्यानं गाडी लावली, जय भीम घातला, वही काढली आणि आम्हा चौघांकडं बघितलं.

"भाऊ," तो म्हणाला, "हे घर तुमचं आहे काय?"

माझ्या तोंडात फेस होता. मी थुंकून उत्तर देऊ शकलो असतो, पण थुंकलो नाही. पोरीनं खाली मान घातली. मी मान हलवली, हो म्हणून. पंच म्हणून मी आयुष्यात चुका केल्या असतील, पण जाणूनबुजून खोटा इशारा तो पहिलाच.

बायकोनं मात्र चूळ भरली आणि नीट तोंड पुसलं. "भाऊजी, तीस वर्स म्या याच आंगनात दात घासले," ती म्हणाली. "आज काय मी पावनी झाली?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं, पपईकडं पाहिलं, त्या आंध्राच्या पोराकडं पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहून वही मिटली. पोर खेळली तर त्याचं गाव हरणार, हे त्याला ठाऊक होतं. गाडीला किक मारताना तो एवढंच म्हणाला, "घासा बराबर."

पोर खेळली. पुण्याचा माणूस पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मध्यंतराला शिट्टी झाली आणि आठही जण उठून फोन खेळत खेळत बाजू बदलायला लागले, तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. माझी पोर रेघ ओलांडताना कारध्याच्या दोघांना धडकली आणि त्याच क्षणी पडद्यावर तिनं त्यांच्यातल्या एकाला टिपलं. पुढं सगळं शांतपणे झालं. जवाहरनगर जिंकलं. कॉमेंटेटरला ते पाच मिनिटांनी कळवायला परवानगी होती, तोवर पुण्याच्या माणसानं तिला निवडल्याचं सांगूनही टाकलं होतं. पंधरा दिवसांनी आम्ही तिला वरठीच्या स्टेशनवर गाडीत बसवून आलो.

मला वाटलं, संपलं. पण कारध्याच्या संघाचा मॅनेजर, जो पानठेला चालवतो, त्यानं मंडळाकडं लेखी तक्रार दिली. माझ्याविरुद्ध नाही, तपासनिसाविरुद्ध. आपल्या गावचा असून त्यानं डोळेझाक केली, त्याला काढून टाका. सुनावणी माझ्यासमोर, कारण मुख्य पंच मी. त्याच सभागृहात सभा भरली. जोडीदार मधोमध उभा राहिला आणि त्यानं माझं नाव घेतलं नाही. "वहीत लिवलं थे माही जबाबदारी," एवढंच म्हणाला. वीस वर्षं माझ्याबरोबर शिव्या खाल्लेला माणूस माझ्या फेसासाठी बाद व्हायला निघाला होता.

मी उठलो. सांगितलं की त्यानं विचारलं होतं, आणि खोटं मी बोललो. मान हलवून बोललो, पण बोललो. मग समोरचं मिनिट बुक ओढलं आणि निकाल लिहिला. तपासनीस निर्दोष. जवाहरनगरचं विजेतेपद रद्द, ढाल कारध्याला. मुख्य पंच तहहयात बाद. खाली सही केली आणि शिट्टी टेबलावर ठेवून घरी आलो. शिट्टीशिवाय मी कोण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली.

पोरीला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, तुमी जेवले काय?"

कारध्यात कुणी टाकून बोललं नाही, पण कुणी बोललंही नाही. पानठेल्यावरून जाताना मी दुसऱ्या बाजूनं जायचो. मग एक दिवस तिचा मोठ्या लीगमधला पहिला सामना होता. ढाल मिळाल्यापासून कारध्याला या खेळाचं वेड लागलेलं, त्यामुळं सभागृहात पडदा लावला गेला. बायको पहिल्या रांगेत जाऊन बसली. मी मागं, दाराजवळ, लवकर निघता यावं म्हणून.

पडद्यावर एकेका खेळाडूचं चित्र यायला लागलं, खाली गावाचं नाव. इंफाळ. गुवाहाटी. मग आमची पोर आली, केस नीट विंचरलेले, आणि खाली अक्षरं आली. कारधा, जिल्हा भंडारा.

पानठेलेवाला उभा राहिला. राग त्याच्या आवाजात नव्हता, खरंच शंका होती. "पन हे नियमात कसं बसते? दात तर ते पुन्याले घासते." सगळ्यांच्या माना मागं वळल्या, माझ्याकडं. सवयीनं माझा हात गळ्याशी गेला, तिथं काही नव्हतं.

"मी बाद आहे," मी म्हटलं. "मला विचारू नका."

पहिल्या रांगेतून बायको बोलली. मागं न वळता, पडद्यावरची नजर न काढता, घरात बोलते तशी.

"तिची माय येथं रायते," ती म्हणाली. "बसा आता, दिसून नाही राहिलं."

पानठेलेवाला खाली बसला.